ताजं पाणी

आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास आला आणि मलकापूरच्या घरातली काचेची टाकी आठवली. माझा गोल्डफिश आजारी होता. वर येऊन नुसता तोंड उघडत-मिटत होता. दुष्काळी माणहून आलेली आई म्हणाली, "तान लागलीया गं त्याला."

टँकरच्या पाण्यावर जन्म काढलेल्या आईनं मग टाकीतलं शिळं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, हा वास उडाला की मगच टाकीत घालायचं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मासा उलटा तरंगत होता. "मारलास तू त्याला!" मी ओरडले.

त्यानंतर मरेपर्यंत आई माझ्याकडं आली की कुंडीपाशीसुद्धा तांब्या धरून थांबायची. "घालू का गं?"