घडलं तेवढंच

गंगापूर रोडवर ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या ताई आजार लपवत नाहीत. ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे,’ म्हणतात, ‘कुणी दूर गेल्यासारखं वाटलं की डोकं फिरतं.’ मागे मी फोन उचलला नाही, तर त्यांनी माझं कापड न शिवताच परत पाठवलं होतं. आता त्या थेरपीला जातात.

परवा मी रस्त्यात त्यांच्याकडे न बघताच पुढे गेले म्हणे. काल दुकानात गेले, तर त्यांनी आधी डोळे मिटून चार संथ श्वास घेतले.

‘वहिनी, परवा तुम्ही बोलला नाहीत, एवढंच घडलं. मी तुम्हाला नकोशी झालेय, हे माझ्या डोक्यातलं. खरं काय?’

‘चष्मा घरी राहिला होता हो.’

त्या खुर्चीत बसून पोटभर हसल्या. मग माप घेता घेता म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी मीच हाक मारते.’