प्लग काढलेला सबवूफर

भुतं आणि चमत्कार यांवर माझा विश्वास नाही. ‘सगळे अशीच सुरुवात करतात’ असं म्हणाल, तर म्हणा. मी चिडून लिहितोय, आणि राग भुतावर नाही.

आम्ही तिसगावचे ख्रिस्ती. बाबांनी आयुष्यभर चर्चच्या कीर्तनात ढोलकी वाजवली. आता ते ठार बहिरे झालेत. कानातलं मशीनही उपयोगाचं राहिलं नाही. म्हणून मी होम थिएटरचा रिसीव्हर आणि सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या ठोक्यांचा मोठा स्पीकर, आणला. ऐकू नाही आलं, तरी खोक्यावर हात ठेवून ठोका तरी कळेल...

सबवूफर मुका. मेनूत ‘सबवूफर – यस’ केलं, केबल बदलली, व्हॉल्यूम पूर्ण फिरवला. लाल दिवा काही हिरवा होईना. कस्टमर केअरची बाई म्हणाली, “सर, बंद करून चालू करा.” केलं. शेवटी वैतागून केबल उपटली, प्लग काढला आणि परत पाठवायला त्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स आणायला आत गेलो.

बाहेर आलो तर बाबांचा तळवा सबवूफरवर, आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चाललेली.

“बाबा, बंद हाय ते!” मी हातवारे करून सांगितलं.

“गप रे. रंगात आलंय. आन् हा सदू बघ... शेवटाला पळतोयच!”

सदू त्यांच्या हाताखाली ढोलकी शिकलेला. त्याला माती देऊन कैक वर्षं झाली.

मी हात ठेवला. खोका थरथरत होता. आवाज नाही, नुसता ठोका — आधी संथ, मग घाईघाईचा. वायर जमिनीवर लोळत होती. प्लग मी उचलून पाहिला.

हे धाकट्या भावाला, सुधीरला, फोनवर सांगितलं. त्याने रविवारी अंगणात ‘साक्ष’ ठेवली, म्हणजे देवाचा चमत्कार चारचौघांना सांगायचा कार्यक्रम. मांडव, खुर्च्या, सबवूफरखाली लेसचा टेबलक्लॉथ. भाषणासाठी भाड्याचा साउंड — तो मात्र पहिल्या फटक्यात चालू!

“हाताला ठोका लागतोय का मावशी?” सुधीरने माईकवर विचारलं.

“व्हय व्हय, लई लागतंय! काटा आला बघा अंगावर!”

मग रांगेतल्या सगळ्यांनाच लागलं. मी हात ठेवून पाहिला. नुसती फळी.

शेवटी सुधीरने बाबांचा हात त्यावर ठेवला. त्यांनी तळवा इकडे-तिकडे सरकवून पाहिला. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “काय न्हाई. बंद हाय.”

सुधीर माईकवर हसून म्हणाला, “वय झालं की विश्वास डळमळतो.”

बाबांना शब्द ऐकू आले नाहीत. लोकांचे चेहरे दिसले. त्यांनी हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

“सुध्या, आवर हे सगळं!” मी ओरडलो.

“भाऊ, लोक बघत्यात.”

“बघू दे! एवढ्या मांडवात खरं बोलणारा एकच निघाला, अन् त्यालाच तू खोटा पाडतोस?”

नंतर मेकॅनिकने रिसीव्हर दुरुस्त केला. आता सबवूफर असा वाजतो की खिडकीच्या काचा हलतात. बाबा माझ्या समाधानासाठी हात ठेवतात, मान डोलवतात. एकदा म्हणाले, “चांगलंय. पर सदू न्हाई यात.”

त्या दुपारी काय थरथरत होतं? बरंच वाचून पाहिलं, डोकं खाजवलं. सुधीर अजून त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवतो; मी न बघता डिलीट करतो. आणि दुपारी घरात दुसरं कोणी नसलं, की प्लग काढून ठेवतो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात.