बाकी सगळं कोरड्यात

वळ गावच्या गोदामात आलेला माल कुठल्या दालनात जाईल, हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा. त्यात मालाचे प्रकार आधी सांगून ठेवायचे: कोरडा, थंड, नाजूक. मग प्रत्येक प्रकाराची वाट लिहायची. एखादा प्रकार राहिला, तर प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर अडवतो. त्या अडवण्याला कंटाळून मी यादीच्या शेवटी एक आडवी रेघ टाकली. तिचा अर्थ, बाकी सगळं कोरड्यात. कंपायलर गप्प झाला.

यंदा रोपंही येऊ लागली. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं ‘जिवंत’ हा नवा प्रकार जोडला. काही राहिलं तर कंपायलर सांगेलच, असं तिनं धरलं, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या त्या रेघेमुळे तो बोललाच नाही.

वज्रेश्वरीकडच्या एका बाईंची मोगऱ्याची रोपं कोरड्या दालनात गेली, तिथल्या तापलेल्या पत्र्याखाली सुकली आणि तशीच त्यांच्या घरी पोचली. त्या खोकं घेऊन बसनं थेट गोदामात आल्या.

“झाड हाय ना हे? कुनालाच दिसलं न्हाय?”

मॅनेजर त्या मुलीकडे वळले. “नवा प्रकार तू टाकलास ना? तपासलं नाहीस?”

“तपासलं होतं, सर. एकही एरर आली नाही.” तिचे डोळे भरले.

मला कारण कळलं होतं. तरी मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, “सिस्टमचा प्रॉब्लेम दिसतोय.”

“सिस्टम कोन?” बाईंनी विचारलं. “त्याला बोलवा की हितं.”

कुणी हसलं नाही. मी स्क्रीनवरची नजर काढली.

“मीच,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. हिची नाही.”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग आदी का न्हाय बोललीस? ही पोर रडली ना.”



त्याच दुपारी मी प्रोग्रॅममधल्या अशा सगळ्या रेघा पुसल्या. कंपायलरनं एकामागून एक राहिलेल्या जागा दाखवल्या. परत आलेल्या मालात, टेम्पोच्या वाटपात, सगळीकडे मीच तशी रेघ ओढून ठेवली होती. ती मुलगी शेजारी बसून एकेक जागा माझ्याकडून भरून घेत होती. बाईंची नवी रोपं मी स्वतः टेम्पोत चढवली.

आता माझं काम ती तपासते. चूक सापडली की कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणते, “ताई, इथे बघता का?” तिनं मोठ्यानं बोलावं, असं मला वाटतं. पण तसं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.