एका हातात मावणारी पुस्तकं

गेल्या महिन्यात एका बुधवारी डायलिसिसला गेलो, तर खिडकीजवळच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती आणि पलंग रिकामा होता. मी सिस्टरकडे पाहिलं. तिनं मला सुया टोचल्या, मशीन सुरू केलं आणि मगच म्हणाली, “पुष्पाताई गेल्या, काका. घरीच, झोपेत.” उठून बाहेर निघून जावंसं वाटलं... पण डाव्या हातात सुया होत्या आणि रक्त नळ्यांतून फिरत होतं. चार तास तसाच पडून राहिलो. रडायलाही आडोसा नव्हता.

किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून धरमपेठेतला हा हॉल माझ्या नशिबी आला. आठवड्यातून तीनदा यायचं म्हणजे यायचंच. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे राहायला जाणं संपलं. सकाळी रामटेकला जाऊन संध्याकाळी परतणं, हाच काय तो माझा प्रवास. नागपूरचा उन्हाळा आणि पाणी मात्र मोजून प्यायचं. सुरुवातीला मी हॉलमध्ये नुसता घड्याळाकडे पाहत राहायचो. शेजारच्या, खिडकीजवळच्या पलंगावरून एकदा आवाज आला, “भाऊ, काहून घड्याळाच्या मागं लागले? थो काटा काही तुमच्यासाठी धावत नाही. हे वाचा.”

पुष्पाताईंनी पुढं केलेलं पुस्तक पाहून मी हादरलोच. एक जाडजूड रहस्यकथा ब्लेडनं कापून तिचे भाग केलेले, आणि प्रत्येक भाग सुईदोऱ्यानं शिवलेला. “पुस्तक फाडलं तुम्ही?” मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “एका हातानं धरता आलं पाहिजे ना! इथं दुसरा हात कोणाचा मोकळा आहे?”

पुष्पाताई विणकरांच्या घरातल्या. लहानपणी वडील मागावर बसले की त्या शेजारी बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवत. गोष्ट रंगात आली की वडिलांचे हात थांबायचे, आणि आतून आई ओरडायची, “असं वाच वं, का त्यायचे हात चालू राहतीन!” ताई हसून सांगायच्या, “मी मुद्दाम उलटंच करो. ज्या पुस्तकानं माग थांबे, थेच चांगलं.” पुढं माग विकला गेला, घरचे दुसऱ्या कामांना लागले, पण पुस्तकं पारखायची त्यांची रीत तीच राहिली. हॉलमध्ये कोणाला भुताची गोष्ट चालेल, कोणाला खुनाची, कोणाला समुद्रात हरवलेल्या जहाजाची, हे त्या दोन-चार प्रश्नांत ओळखत. भारदस्त पुस्तकांची नावं मी सुचवली की म्हणत, “असतीन चांगले. पण इथं खाली ठेवता येते असं पुस्तक काय कामाचं?”

मागच्या मे महिन्यात मी कंटाळलो. हातावर गाठी आल्या होत्या, घशाला कोरड होती, आणि या खोलीतून सुटका एकाच वाटेनं होणार हे कळत होतं. बायकोला सांगितलं, आता जाणार नाही. त्या दिवशी गेलोच नाही. दुपारी ताईंचा फोन आला.

“नाही आले?”

“नाही येणार आता. बस झालं.”

त्या म्हणाल्या, “मी नाही म्हणत नाही. मलेही रोज तसंच वाटते. पण गोष्टीतल्या त्या वकिलाचं काय झालं ते तं वाचा. तिसरा भाग माह्याजवळ आहे.”

“फोनवरच सांगा.”

“नाही सांगत. या.”

मी रागानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी श्वास लागला म्हणून गेलो, पुस्तकासाठी गेलो असं म्हणणं खोटं होईल. पण ऑटोत बसल्यावर डोक्यात तो वकीलच होता.

दिवाळीनंतर साखरेनं त्यांचे डोळे अधू केले. हे त्यांना मशीनपेक्षा जड गेलं. “आता खरी अटकली मी,” एवढंच म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी उशाशी ठेवलेला पुस्तकाचा भाग घेतला आणि मोठ्यानं वाचू लागलो. सुरुवातीला लाज वाटली. मग हळूहळू त्यांनी मान वळवली. पुढं तीच सवय झाली. मी घाईनं वाचलं की त्या दटावत, “दम घ्या भाऊ, खुनी कुठं पळून नाही जात.”

त्या गेल्यावर काही दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. हॉलमध्ये मशीनची पीपपीप तेवढी ऐकू यायची. गेल्या आठवड्यात दाराजवळच्या पलंगावरचे ढोकेकाका, जे कधी कोणाशी बोलत नाहीत, एकदम म्हणाले, “ते विहिरीतलं प्रेत कोणाचं होतं गा?” म्हणजे इतके दिवस ते ऐकत होते... मी अर्धवट राहिलेला भाग काढला आणि वाचू लागलो.

वेळ संपली. सिस्टर सुया काढायला ढोकेकाकांजवळ गेली. तिथून सुटायची घाई आम्हा सगळ्यांनाच असते. काकांनी मोकळ्या हातानं तिला अडवलं. “थांब ना वं जराशी. पान तं पुरं होऊ दे.”

सिस्टर कापूस हातात धरून तशीच उभी राहिली. मी पान उलटलं.