पुढचं वाक्य

लिहिणारी माणसं एकत्र आली की कथा थोड्या होतात, किस्सेच जास्त. आगाशीला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही रविवारी सकाळी जमतो, आपापलं लिहिलेलं वाचतो. घरी जाताना कुणाचं ना कुणाचं काहीतरी बिनसलेलं असतंच.

*

उमेळ्याच्या दिनेशच्या प्रत्येक कथेत वडील मरतात. कधी हार्ट अटॅक, कधी ट्रकखाली. खरे वडील ठणठणीत, पण त्यांनी बागायतीची वाडी बिल्डरला विकल्यापासून बापलेकांत जेमतेम बोलणं.

एकदा ते त्याला न्यायला लवकर आले. दिनेशचं वाचन चालूच होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारलं, "या वेळी कशानं गेलो?"

दिनेश खाली बघून म्हणाला, "वाडी विकल्यावर झोपच लागेना, त्यानं."

वडिलांनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

*

माझं सांगते. विरारला फ्लॅट, मुंबईत नोकरी, सगळं जागच्या जागी. तरी घर सोडून जाणाऱ्या बाईची कथा लिहायला घेतली. नवऱ्यानं लॅपटॉपवर वाचली.

"परत येते का ती?"

"अजून ठरलं नाही."

"कुणाचं? तिचं की तुझं?"

मी लॅपटॉप मिटला. आता तो रोज चहा पिताना विचारतो, "कुठवर पोचली?" मी सांगते, "स्टेशनवरच आहे."

"बसू दे," तो म्हणतो. आणि माझा कप पुन्हा भरतो.

*

गासच्या फिलोमिनाबाई रिटायर्ड नर्स. लहानपणीच गेलेल्या लेकीवर लिहायचं म्हणून गटात आल्या. लीना घरामागच्या तळ्यात बुडाली होती. पण बाईंच्या लिखाणात ती काठावर यायची, आणि कागद संपायचा. पुढच्या रविवारी पुन्हा काठावरच.

दिनेशला राहवलं नाही. "बाई, पुढचं वाक्य लिहा ना."

"लिहिलं की ती जाईल," बाई म्हणाल्या.

गेल्या रविवारी त्यांनी लिहून आणलं. आईनं हाक मारली, लीना मागे फिरली, हातपाय धुऊन जेवायला बसली. शाळेत गेली, चर्चमध्ये गाऊ लागली, लग्न होऊन पापडीला गेली. तिला मुलगी झाली, आणि नाव काय ठेवायचं यावरून सासूशी वाजलं. बाई वाचत राहिल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, कोरा कागद पुढ्यात घेतला.

"दिनेश, दार लोटून घे," त्या म्हणाल्या. "आता खरं लिहिते."