केनोसी डॉक्टरांचा शिक्का

केनोसी आमच्या कत्तलखान्यात गुरांचे डॉक्टर होते. शिकताना त्यांनी अवघड शस्त्रक्रिया केल्या होत्या. इथे काम एवढंच, की जनावराचा गाल कापून कृमीच्या गाठी आहेत का ते बघायचं आणि मांसावर जांभळा शिक्का मारायचा. गाठ वर्षाकाठी एखादीच सापडे.

कंटाळा घालवायला त्यांनी एक खेळ काढला. आम्हा त्स्वाना लोकांत गुरांच्या प्रत्येक रंगाला वेगळा शब्द आहे. सोलून टांगलेल्या कातड्यांसाठी ते वडिलांच्या तोंडचे शब्द आठवत बसत.

एका सकाळी नजर कातड्यांवर राहिली आणि हात शिक्के मारत गेला. भानावर आले तेव्हा हुकांवरच्या कित्येक मुंडक्यांचे गाल शाबूतच होते. त्यांनी काम थांबवलं.

मुकादम बोइकी वैतागला. "डॉक्टर, गाडी दारात उभी आहे! बारा वर्षांत धड बारा गाठी मिळाल्या नाहीत तुम्हाला. आजच मिळणार होय?"

"लोकांच्या पोटात जाणार आहे ते. गाडी थांबव."

त्यांनी एकूण एक मुंडकं तपासलं. सगळी निर्दोष निघाली.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" बोइकी हसला.

मी नोंदवही घेऊन शेजारीच होतो. सुरी धुताना डॉक्टर मला नेहमीसारखं आदराचं 'रा' लावून हळूच म्हणाले, "रा मोदीसे, कापताना मनात येत होतं, एक तरी गाठ निघू दे. लाज वाटते सांगायला."

त्यांनी शिक्का माझ्या हातात ठेवला. "हा तुम्ही धरा. गाल कापलेला स्वतः पाहिल्याशिवाय मला देऊ नका."