वावरातला पाव

खानदेशात थंडी पडली की भरताच्या पार्ट्या सुरू होतात, आणि त्या घरात होत नाहीत. कपाशी उपटून झालेली असते, बांधावर तिच्या वाळक्या काड्यांचे, पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले असतात. त्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि केळीच्या पानावर खायची. यावलजवळच्या आमच्या वावरातही दरवर्षी हे होई. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाच्या एका पार्टीला माझी मोठी बहीण धुळ्याहून आली. आम्ही तिला अक्का म्हणत असू.

लग्नानंतर ती पहिल्यांदाच गावात येत होती. मेहुणे बौद्ध, धुळ्यात शिक्षक. लग्न आमच्या घरातून कोणी न जाता झालं होतं. त्याच वर्षी पावसाळ्यात आईच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. आईला भेटू द्यावं म्हणून अक्काने तीनदा निरोप धाडले. शेवटी आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्याकडून उत्तर पाठवलं : भरताला ये. मेहुण्यांनी तिला विचारलं होतं, "मला बोलावलंय का?" ती एकटी आली.

पिशवीतून तिने कापलेल्या पावाचा पुडा, लोण्याचा डबा आणि सँडविचचा टोस्टर काढला. दोन पत्र्याच्या ताटल्या, मागे लांब दांडे, दांड्यांना अडकवायची कडी. गावात अशी वस्तू कोणी पाहिली नव्हती. चुलते शेकोटीशी वांगी फिरवत होते. त्यांना सगळे नाना म्हणत.

"हे काय व? उंदराचा पिंजरा आणला का?"

"नाना, यात पाव भाजतात."

"धुळ्याचे उंदीर पाव खातात का मंग?"

अक्का हसली. पहिला पाव तिने थेट जाळावर धरला. पऱ्हाटी भसकन पेटते. ताटली उघडली तेव्हा आत कोळसा होता. नाना म्हणाले, "गॅस नाही हा. आर पडू दे." मग तिने निखाऱ्यांची वाट पाहिली. पावाच्या दोन कापांना लोणी लावलं, मध्ये भरीत पसरलं, कडी लावली, आणि दर थोड्या वेळाने उलटापालटा करत राहिली.

ती हे का करत होती ते मला कळत होतं. भरीत नानांनी ठेचलेलं, पुऱ्या चुलतीने तळून दिलेल्या. त्या जेवणात तिच्या हातचं असं काहीच नव्हतं. आमच्याकडे ज्याच्या हातचं खाल्लं त्याला दार बंद ठेवता येत नाही. निदान ती तसं धरून चालली होती.

पाव दोन्ही बाजूंनी तांबूस झाला. तो तिने पानावर ठेवून आबांपुढे सरकवला. आबांनी तो मोडला, वाफ जाऊ दिली आणि खाल्ला.

"मिरची कमी झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "अजून एक दे."

दुसराही त्यांनी पूर्ण खाल्ला. अक्काने हात पदराला पुसले.

"आबा, घरी जाऊन आईले पाहून येऊ?"

आबांनी तांब्यातल्या पाण्याने सावकाश हात धुतले. "वावरात बठ्ठं चालतं," ते म्हणाले. "घरी देव हायेत."

आवाज चढलेला नव्हता. वावरात सगळं चालतं, कोणाचंही खाल्लं तर बाधत नाही, हा नियम गावात सगळ्यांना ठाऊक होता. तिलाही असणार; ती याच गावची होती.

तिने आणखी दोन काप घेतले, त्यांच्या कडा सुरीने काढल्या, भरतातल्या मिरच्या वेचून टाकल्या. हा पाव तिने फार भाजला नाही. केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिला. "बारीक तुकडे करून उजव्या बाजूनं दे," म्हणाली.

मी सायकलवर घरी गेलो. आईला उशीला टेकवून बसवलं. दोन घास तिने बराच वेळ चघळले. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, अक्का आलीय, वावरात आहे. आईला एक शब्द जमवायला वेळ लागला.

"आण."

परत येऊन मी सगळ्यांसमोर तो शब्द सांगितला. नाना उठले, धोतर झटकलं. "चाल पोरी. आजारी बाई बोलावू राह्यली, देव काय खातात का?"

"नाना," आबा म्हणाले. एवढंच. नाना पुन्हा खाली बसले.

अक्काने टोस्टर राखेने घासला, पिशवीत भरला. फाट्यापर्यंत मी बरोबर गेलो. वाटेत तिने विचारलं, "चावता येतं का तिला?" मी हो म्हणालो. बस आली.

आई फाल्गुनात गेली. ऊन चढायच्या आत न्यायचं ठरलं. धुळ्याची गाडी पोचेपर्यंत आम्ही स्मशानातून परतलो होतो. अक्का आणि मेहुणे अंगणात आले. घराला सुतक होतं. देव टोपलीखाली झाकून ठेवले होते. अशा घरात कोणालाही मज्जाव नसतो. नाना मेहुण्यांचा हात धरून त्यांना ओसरीवर घेऊन आले.

अक्का उंबऱ्याबाहेर थांबली होती. आबा भिंतीला टेकून बसले होते.

"आत जाय," ते म्हणाले.

"आत कोन हाये आता, आबा?"

थोड्या वेळाने ती आत गेली. आईची खाट सकाळीच बाहेर काढली होती आणि खोली सारवली होती. जमीन अजून ओली होती, म्हणून ती उभीच राहिली.